ऑनलाइन ग्रुपवर्क: नुकतेच आलेल्यांसाठी

ऑनलाइन कोर्समध्ये ग्रुप पडले की पहिल्या दिवशी नमस्कार-चमत्कार जोरात होतात. मग शुकशुकाट. डेडलाइन दिसू लागली की कुणीतरी लिहितं, "चला, वाटून घेऊ. तू प्रस्तावना, तू मधला भाग, निष्कर्ष मी बघते." सगळ्यांना हायसं वाटतं, कारण आता एकमेकांशी बोलायची गरजच उरत नाही. विद्यार्थी म्हणून मी अशा बऱ्याच ग्रुपांत होते, नंतर शिक्षकांची सहायक म्हणून नव्या मुलांचे ग्रुप जवळून पाहिले. काम बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. निष्कर्ष लिहिणारीने मधला भाग वाचलेलाच नसतो, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या दोन परिच्छेदांत कळतं.

कामं वाटू नका असं मी म्हणणार नाही. फक्त एक अट घाला: ज्याने जो भाग घेतला त्याने तो बाकीच्यांना शिकवायचा. ही कल्पना जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये 'जिगसॉ' पद्धत सुरू केली. गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना तिथे नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वर्गात तणाव होता. त्यांनी धड्याचे तुकडे करून एकेका मुलाला एकेक तुकडा दिला. तो तुकडा इतरांना फक्त त्या मुलाकडूनच कळणार होता, त्यामुळे एकमेकांचं ऐकणं भागच पडलं. ऑनलाइन ग्रुपमध्ये हे अगदी साधेपणाने करता येतं. लिखाणाला हात घालण्याआधी प्रत्येकाने आपल्या भागावर अर्धं पान टाकायचं, आणि बाकीच्यांनी त्यावर किमान एक खरा प्रश्न विचारायचा. 'खरा' म्हणजे ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा.

आता अंग चोरणाऱ्यांबद्दल, कारण नवखे सगळ्यात आधी त्याबद्दलच विचारतात. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमन यांनी दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेली मापनं १९१३ साली छापून आली. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी होत गेला. १९७९ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच पाहिलं. गटात आहोत असं वाटलं की माणूस कमी ओरडतो. पण पुढच्या प्रयोगांत, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्यावर हा फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणून कामाच्या यादीत "आपण करू" असं काहीही नको. प्रत्येक ओळीपुढे एक नाव आणि एक तारीख हवी. हे रुक्ष वाटतं खरं, पण कुरबुरी निम्म्याने कमी होतात.

मात्र गप्प बसलेला प्रत्येक जण कामचुकार नसतो. कुणाचं नेट धड चालत नाही, कुणी नोकरी सांभाळून शिकत असतं, कुणाला चारचौघांत इंग्रजी लिहायचा संकोच असतो. ग्रुपवर जाहीर टोमणा मारण्याआधी त्या व्यक्तीला एकटीला विचारा, "तुला कोणता भाग जमेल?" मी पाहिलेल्यांपैकी बरेच जण एवढ्यावर बोलते झाले. जे त्यानंतरही उत्तर देत नाहीत, त्यांच्याबद्दल शिक्षकांना वेळेत कळवा. सबमिशनच्या आदल्या रात्री आलेल्या तक्रारीवर कोणीच काही करू शकत नाही.

डिजिटल कौशल्य म्हणजे दहा ॲप येणं, असा एक समज आहे. मला विचाराल तर यातलं मुख्य कौशल्य लिहिण्याचं आहे. काम अशा अवस्थेत सोडता आलं पाहिजे की दुसऱ्याने ते तुम्हाला न विचारता पुढे न्यावं. ग्रुपमध्ये कुणी रात्री बसतं, कुणी पहाटे, कधी देशही वेगळे असतात. "माझं झालं, बघा" हा निरोप अशा वेळी निरुपयोगी. त्याऐवजी असं लिहा: "तक्ता २ मूळ अहवालाशी ताडून पाहिला. तक्ता ३ बाकी आहे. पान ४ वरची व्याख्या मला पटली नाही, कारण तिथेच कमेंटमध्ये दिलंय." लिहायला दोन मिनिटं लागतात आणि पुढच्याची संध्याकाळ वाचते.

हाच निकष एकमेकांच्या लिखाणावरच्या शेऱ्यांना लावा. "छान आहे" हा शेरा नाहीच. ती पोच आहे. "हे नीट नाही" त्याहून वाईट. उपयोगी शेऱ्यात तीन गोष्टी असतात: नेमकी जागा, वाचताना तिथे काय अडलं, आणि जमलं तर एक पर्याय. उदाहरणार्थ, "इथे 'प्रभाव पडतो' असं म्हटलंय, पण वरचा अभ्यास फक्त दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढंच सांगतो. 'संबंध आढळतो' चालेल का?" दुसऱ्याचं वाक्य परस्पर बदलू नका, गूगल डॉकमध्ये सजेशन मोड (मूळ वाक्य तसंच ठेवून बदल सुचवायची सोय) त्यासाठीच असतो. आणि काही उडालंच, तर घाबरून नवी कॉपी काढण्याआधी व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे डॉकच्या जुन्या आवृत्त्यांची नोंद, उघडा. आधीचा मजकूर बहुधा तिथे सापडतो. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशा फायलींचा जन्म याच घबराटीतून होतो.

फायलींना नाव देताना तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घाला. हा आंतरराष्ट्रीय मानक क्रम आहे, फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात, आणि ०३-०४ म्हणजे मार्च की एप्रिल हा वाद होत नाही.

स्प्रेडशीटबाबत मात्र जरा थांबते, कारण ती सगळ्यांना 'येते' असं गृहीत धरलं जातं. एक्सेल काही नोंदी आपल्या मनाने तारखा समजतं. जनुकांच्या नावांची यामुळे इतकी वर्षं वाट लागत होती की २०१६ च्या एका तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास एक पंचमांशांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० साली नामकरण समितीने 'मार्च१', 'सेप्ट१' यांसारख्या जनुकांची नावंच बदलली. अनुभवी संशोधकांचं हे होतं, तर आपल्या सर्व्हेच्या शीटचं काय? डेटा भरण्याआधी कॉलमचा प्रकार ठरवा, मूळ शीटला हात न लावता तिच्या कॉपीवर काम करा, आणि कोणता कॉलम काय सांगतो हे वेगळ्या टॅबवर लिहा.

संदर्भांसाठी झोटेरो हे संदर्भ साठवून त्यांची यादी करून देणारं सॉफ्टवेअर पहिल्याच आठवड्यात बसवा. मोफत आहे, आणि त्यात ग्रुपची सामाईक लायब्ररी करता येते. शेवटच्या रात्री पाच जणांच्या पाच शैलीतल्या संदर्भयाद्या एक करत बसणं हा शिक्षेचा प्रकार आहे.

व्हिडिओ मीटिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. विषय आधी टाका, वेळ सांगताना टाइम झोन लिहा, काय ठरलं ते मीटिंग संपण्याआधी डॉकमध्ये उतरवा. कॅमेऱ्याची सक्ती करू नका.

एआय टूल वापरायचं की नाही हे कोर्सचे नियम वाचून पहिल्याच चर्चेत ठरवा. त्यातला एक धोका ग्रुपला जास्त भोवतो. ही टूल अस्तित्वात नसलेले संदर्भ अगदी खरे वाटतील असे देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. ग्रुपमध्ये एकाने टाकलेला असा संदर्भ बाकीचे "त्याने पाहिला असेल" म्हणून सोडून देतात आणि नाव सगळ्यांचं जातं. आमच्याकडे नियम होता: ज्याने मूळ लेख स्वतः उघडून पाहिला, त्याने संदर्भापुढे आपली आद्याक्षरं टाकायची. आद्याक्षरं नाहीत तो संदर्भ बाद.

पुढे नोकरीच्या मुलाखतीत "टीममध्ये काम केलंय का?" हे हमखास विचारतात. "हो, पुष्कळ" या उत्तराने काही साधत नाही. संशोधन प्रकाशनात लेखकांचं योगदान नोंदवायला 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात: कल्पना मांडणं, डेटा सांभाळणं, पहिला मसुदा लिहिणं, तपासून दुरुस्त करणं वगैरे. प्रकल्प संपताच सगळ्यांनी मिळून अशी नोंद करून ठेवा. वर्षभराने ती आठवून लिहिता येत नाही, आणि प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा आठवतो.

आणि नोंद कुठे ठेवता तेही बघा. संस्थेने दिलेलं खातं शिक्षण संपल्यावर बरेचदा बंद होतं, आणि सामाईक डॉक ज्याच्या खात्यावर असेल त्याच्याबरोबर तेही जाऊ शकतं. डॉकचा मालक कोण ते आजच पाहा, आणि निकाल लागला की कमेंटसकट एक प्रत आपल्या खासगी खात्यावर काढून घ्या.