शास्त्रीय ऐकायचंय पण कुठून सुरू करू? आधी एकच राग धरा

"आवडतं हो, पण कळत नाही" हे वाक्य मी कितीतरी वर्षं म्हणत होते. अधूनमधून उत्साह यायचा, मग ॲपवर एखादी तयार प्लेलिस्ट लावायची, त्यात दहा गायक, दहा राग, कुठे सतार कुठे ठुमरी, तासाभराने डोक्यात नुसता गोंधळ आणि परत महिनाभर काही नाही. मग वाटलं आधी थिअरी करावी, म्हणून संगीतशास्त्रज्ञ भातखंडेंचे दहा थाट (रागांचे गट) पाठ केले, वादी संवादी (रागातले सगळ्यात महत्त्वाचे दोन स्वर) पाठ केले, कुठला राग कुठल्या वेळेचा ते पण केलं, पण प्रत्यक्षात गाणं सुरू झालं की यातलं काहीच ऐकू यायचं नाही. गाणं शिकणाऱ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ते सगळं बाजूला ठेव. महिनाभर फक्त भूप राग ऐक, दुसरं काही लावूच नकोस." नवीन कुणी विचारलं की मी पण आता हेच सांगते, कारण माझ्यासाठी खरी सुरुवात तिथून झाली.

भूप का, तर त्यात सूर पाचच. सा रे ग प ध. मध्यम (म) नाही, निषाद (नि) नाही, सगळे स्वर शुद्ध, म्हणजे कोमल-तीव्र काही नाही. मी किशोरी आमोणकरांचा भूप घेतला आणि रोज तोच लावायचा असं ठरवलं. पहिले तीन-चार दिवस काही झालं नाही, खरं सांगते. पाचव्या-सहाव्या दिवशी कामात असताना लक्षात आलं की मी काहीतरी गुणगुणतेय आणि ते भूपातलंच आहे. मग ऐकताना जाणवायला लागलं की किशोरीताई किती पण फिरून आल्या तरी एका सुरावर येऊन थांबतात, तिथे जरा बसल्यासारखं करतात. तो गंधार, म्हणजे ग. वादी स्वर म्हणजे काय हे मी पाठ केलं होतं, पण ते कानाला कळलं ते असं, आणि त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या गायकाचा भूप, मग सतारीवरचा, मग बासरीवरचा. राग तोच, माणूस वेगळा. या तुलनेतून जेवढं शिकायला मिळतं तेवढं कुठल्याच पुस्तकातून मिळालं नाही मला.

आता अडचण येते ती विलंबितची, म्हणजे संथ लयीच्या गाण्याची. चाळीस-पन्नास मिनिटांचा ख्याल लावला की पहिली दहा मिनिटं काही घडतच नाही असं वाटतं आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. यावर उपाय म्हणजे उलटं ऐका. रेकॉर्डिंगच्या शेवटी जी द्रुत, म्हणजे जलद बंदिश (रचना) असते, बहुतेकदा तीनतालात, ती आधी ऐका. सोळा मात्रा (ठोके), चार-चारचे चार भाग. पहिल्या मात्रेला सम (जिथून ताल सुरू होतो ती जागा), पाचव्या आणि तेराव्याला टाळी, नवव्याला खाली म्हणजे टाळी न देता हात नुसता उलटा करायचा. तबल्याचे बोल तोंडाने म्हणून बघा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. आता यात एक गंमत कानाने पकडायची. दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या, जाड आवाजाच्या वाद्याचा) घुमारा बंद होतो, नुसता कोरडा टणटण आवाज राहतो आणि चौदाव्या मात्रेला घुमारा परत येतो, की लगेच तीन मात्रांनी सम. हे एकदा कळलं की बोटं मोजत बसायची गरज राहत नाही, डग्गा स्वतःच सांगतो की सम आली.

मला हे जमायला तीन आठवडे लागले. एक दिवस गायिकेने तान घेतली, मी पण आतून बरोबर निघाले आणि ती बरोब्बर समेवर उतरली तेव्हा माझी मान आपोआप हलली. तोपर्यंत मैफिलीत लोक माना का डोलावतात ते मी लांबून बघत होते.

विलंबितात मात्र मोजायला जाऊ नका. एकतालाच्या मात्रा बाराच, पण लय इतकी संथ असते की एक आवर्तन (तालाचा एक फेरा) कधी कधी मिनिटाच्या आसपास जातं, प्रत्येक मात्रेच्या पोटात तबलजी बारीक बोल भरत असतो, नवीन माणूस तिथे हमखास हरवतो. तिथे मुखडा पकडायचा. मुखडा म्हणजे बंदिशीची पहिली ओळ जिथून उचलतात तो तुकडा, गायक आलाप करत करत कुठेही गेला तरी सम जवळ आली की तो मुखडा घेतो आणि समेवर येतो. तेवढं ओळखू आलं तरी पुरे. मग हळूहळू दिसायला लागतं की सुरुवातीचे आलाप खालच्या सप्तकात होते, मग एकेक स्वर करत वर चाललेत, आणि वरचा षड्ज (सा) लागतो तेव्हा सगळी मैफिल त्याची वाट बघत असते. "काही घडत नाही" असं वाटणाऱ्या त्या दहा मिनिटांतच राग उभा राहत असतो.

एक अगदी साधी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि तानपुरा पार गायब होतो. साधे हेडफोन घ्या, सुरुवातीची एक-दोन मिनिटं गायकाकडे लक्ष न देता फक्त तानपुऱ्याकडे द्या. चार तारा, पहिली साधारणपणे पंचमाला (प), मधल्या दोन षड्जाला आणि शेवटची खर्जाच्या, म्हणजे खालच्या षड्जाला. पण मालकंस रागात पंचम नसतो म्हणून तिथे पहिली तार मध्यमाला लावतात, आणि मालकंस सुरू व्हायच्या आधीच हवा बदलल्यासारखी वाटते ती त्यामुळे.

दुसऱ्या महिन्यात देसकार राग लावला. स्वर तेच पाच, अगदी तेच, आणि तरी हा भूप नाही हे मला पहिल्या मिनिटात कळलं! इथे धैवतावर (ध) जोर, सगळा वावर वरच्या बाजूला, पंचम-धैवताकडे, आणि रिषभ (रे) नुसता निसटता. भूप संध्याकाळनंतरचा, देसकार सकाळचा. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नाही, त्या स्वरांना वागवायची पद्धत आहे, हे या दोन रागांच्या जोडीइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही, त्यामुळे हा प्रयोग नक्की करा. (वेळेचं म्हणाल तर सुरुवातीला ते फार मनावर घेऊ नका, ऐकायला मिळतंय तेव्हा ऐका. पुढे पुढे आपणच वेळ पाळायला लागतो.)

वेळ कमी असेल तर जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड्स ऐका. १९०२ मध्ये गौहर जान यांनी गायलेल्या रेकॉर्ड्सपासून पुढची कित्येक वर्षं एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळायची, त्यामुळे अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर यांच्यासारख्यांनी तेवढ्यात रागाचा अर्क काढून ठेवलाय. आवाजात खरखर असते पण दोन-तीनदा ऐकलं की ती जाणवत नाही.

घराण्यांचं, म्हणजे गायकीच्या परंपरांचं, सहा-आठ महिने बाजूला ठेवलं तरी चालेल. किराण्याचा सुरावरचा ठहराव आणि जयपूरची लयीला गुंफलेली पेचदार तान हा फरक ऐकता ऐकता आपोआप समोर येतो, किराण्याचे भीमसेनजी आणि जयपूरचे मल्लिकार्जुन मन्सूर एकापाठोपाठ ऐकले तर लवकरच. कुणाचं घराणं श्रेष्ठ या वादात तर पडूच नका, तेवढ्या वेळात एक राग ऐकून होतो.

प्रत्यक्ष मैफिलीला मात्र लवकरात लवकर जा. तबलजीचे हात दिसतील अशी जागा धरा. गायक आणि तबलजी समेवर एकमेकांकडे बघून हसतात ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही.

आणि भूप, देसकार, यमन इतकं झालं की मग आमीर खाँसाहेबांचा मारवा राग लावा, रात्री दिवे मालवून नको, संध्याकाळी, सूर्य मावळताना. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीच, आणि षड्जाला ते इतका वेळ टाळतात, रिषभ-धैवतावरच इतकं रेंगाळतात की तानपुऱ्यात षड्ज सतत वाजत असून पण आपल्याला तो हरवल्यासारखा वाटतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खिडकीशी उभी होते, आणि खूप वेळाने ते षड्जावर आले तेव्हा लक्षात आलं की मी इतका वेळ श्वास धरून ठेवला होता.