सिगरेट सोडल्यावर वजन वाढतंय? मग या चुका टाळा

माझी सिगरेट सुटली त्याला आता अडीच वर्षं झाली. पहिल्या तीन-चार महिन्यांत सहा किलो वाढलो, ऑफिसच्या पँटचं बटण लागेना, पण अंधेरी स्टेशनचा ब्रिज चढताना मात्र कित्येक वर्षांत पहिल्यांदाच धाप लागत नव्हती. शरीर एकीकडे सुधारत होतं आणि एकीकडे सुटत होतं, मला फक्त सुटलेलं दिसत होतं.

आज लिहायला बसलो ते आतेभावामुळे. सात महिने त्याने सिगरेटला हात लावला नव्हता, गणपतीत सगळे घरी जमलो तर जो येईल तो एकच बोलतोय, "काय रे, केवढा सुटलायस!" सिगरेट सोडलीस म्हणून पाठीवर थाप कोणीच मारली नाही. दिवाळीपर्यंत साहेब परत दिवसाला आठ-दहावर. कारण काय तर वजन उतरवायचंय. वजन काही उतरलं नाही, सात महिन्यांची मेहनत मात्र गेली.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, काटा बघून परत पेटवणं. आधी आकडे नीट समजून घ्या म्हणजे घाबरायला होणार नाही. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ६२ अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब आला होता, त्यात सिगरेट सोडलेल्यांचं वजन वर्षभरात सरासरी साडेचार-पावणेपाच किलो वाढलेलं दिसलं आणि त्यातलं जवळपास तीन किलो पहिल्या तीन महिन्यांतच. पण त्याच हिशोबात साधारण १६ टक्के लोकांचं वजन चक्क कमी झालं होतं, आणि १३ टक्क्यांचं दहा किलोच्या वर गेलं होतं. म्हणजे सगळ्यांचं सारखं होत नाही. आणि हृदयाचं बघाल तर चार-पाच किलो वाढूनसुद्धा सिगरेट सोडल्याचा फायदा पुसला जात नाही, हे तपासून झालेलं आहे, वर्षभरात हार्ट अटॅकचा धोका निम्म्याच्या आसपास येतो. पोट सुटलंय म्हणून परत ओढणं हा कुठल्याच बाजूने फायद्याचा सौदा नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

वाढतं कशामुळे? निकोटिन भूक मारतं आणि शरीर जरा जास्त कॅलरी जाळत ठेवतं, दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याचा हा फरक २०० कॅलरीच्या आसपास जातो. ते बंद झालं की तेवढंच खाऊनही थोडं अंगी लागतं. वर जिभेला चव येते, नाकाला वास येतो. मला चौथ्या-पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास आमच्या घरात आला, आधी कधी आलाच नव्हता. साहजिकच जेवणावर वासना वाढते, यात तुमची इच्छाशक्ती कमी पडतेय असं काही नाही.

आता माझी स्वतःची चूक. ऑफिसच्या खाली टपरी, अकरा वाजता आणि चार वाजता ग्रुप खाली उतरणार, एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात सिगरेट. सिगरेट सोडली पण खाली जाणं सोडलं नाही, आणि दुसरा हात मोकळा राहिला. समोर काचेच्या बरणीत खारी, नानकटाई, क्रीमरोल. पहिल्या दिवशी एक खारी घेतली, मग दोन, मग चारच्या चहाला वडापाव सुरू झाला आणि मला पंधरा दिवस पत्ताच नाही की आपण रोजच्या जेवणावर एक जेवण वाढवलंय. एक वडापाव म्हणजे सहज तीनशेच्या आसपास कॅलरी, कटिंगमध्ये दीड-दोन चमचे साखर धरली तर सहा कटिंगची नुसती साखरच दोनशेच्या आसपास जाते. निकोटिनमुळे जेवढं वाढायचं ते थोडंच असतं हो, बाकीचं आपण टपरीवर उभं राहून वाढवतो.

उपाय काय केला, तर खिशात सोललेले फुटाणे ठेवायला लागलो. एक-एक दाणा काढून खायचा, हाताला पण काम आणि तोंडाला पण. डब्यात काकडी-गाजराचे लांब तुकडे, बडीशेप, नाहीतर साधी लवंग. आणि चार वाजताचा चहा वर पँट्रीत, बिनसाखरेचा, पहिले दहा दिवस तर टपरीवर गेलोच नाही. मित्रांना सरळ सांगितलं की बाबांनो महिनाभर मला बोलवू नका. कोणी वाईट वाटून घेतलं नाही.

भूक आणि तलफ यात गल्लत होते ती वेगळीच. दोन्ही पोटातूनच आल्यासारख्या वाटतात. पण तलफ तीन ते पाच मिनिटं जोर करते आणि ओसरते, भूक ओसरत नाही. म्हणून काही तोंडात टाकायच्या आधी ग्लासभर पाणी प्या आणि पाच मिनिटं थांबा, एवढं साधं आहे. पहिले दोन-चार आठवडे हे दिवसातून अनेकदा करावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

रात्रीच्या जेवणाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. ओढणाऱ्यासाठी जेवण संपलं हे सांगणारी खूण म्हणजे सिगरेट असते. हात धुतले, बाल्कनीत गेलो, पेटवली, झालं जेवण. ती खूण गेली की जेवण संपतच नाही, ताटावरच बसून राहतो, अजून थोडा भात, मग काही गोड आहे का म्हणून फ्रिज उघडतो. माझी आई तर खूश, पोरगा किती वर्षांनी पोटभर जेवतोय म्हणून आठवड्यातून तीनदा शिरा. तिला समजवायला महिना लागला. मी मग खूण बदलली. शेवटचा घास संपला की लगेच ताट उचलून स्वतः घासायला घ्यायचं, दात घासायचे, आणि चपला घालून खाली. आपल्याकडे शतपावली म्हणतात ती हीच, जुन्या माणसांनी सांगितलेली, फक्त शंभर पावलांवर थांबू नका, पंधरा-वीस मिनिटं सोसायटीच्या आवारात चाला. दात घासल्यावर खावंसं पण वाटत नाही आणि ओढावंसं पण वाटत नाही.

क्रॅश डाएट करू नका, निदान पहिले तीन महिने तरी. सोमवारपासून सिगरेट बंद, भात बंद, साखर बंद, जिम चालू, असं करणारे मी बघितलेत, गुरुवारी सगळंच सुटतं. उपाशी माणसाची चिडचिड आणि निकोटिन सुटलेल्या माणसाची चिडचिड एकत्र आली की घरच्यांचं पण अवघड होतं. आधी सिगरेट. जेवण वेळेवर, पोळी-भाजी, वरण, एखादी उसळ, कोशिंबीर जरा जास्त, दुपारी ताक. बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते सिगरेट सोडल्यावर, त्यालाही याचाच उपयोग.

चहा-कॉफीचं एक बऱ्याच जणांना माहीत नसतं. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन पटापट संपवतं, धूर बंद झाला की तेच कॅफीन शरीरात जास्त वेळ राहतं. म्हणजे रोजचेच सहा चहा पण आता छातीत धडधड, हात थरथर, रात्री झोप नाही, आणि आपल्याला वाटतं ही तलफच आहे. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी खा-खा होते. चहा निम्म्यावर आणा, संध्याकाळी पाचनंतर नको.

वजन वाढू नये म्हणून तंबाखू, मावा, सुपारी, मिश्री असलं काही तोंडात धरू नका. निकोटिनचं व्यसन तसंच राहतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका अंगावर येतो, नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर अर्धा तास उभे राहून बघा, मला जास्त बोलायला नको. ई-सिगरेट तर २०१९ पासून देशात बंदच आहे.

निकोटिनचा गम मात्र वेगळा, तो औषध म्हणून घ्यायचा. चालू असेपर्यंत वजन जरा हळू वाढतं, सिगरेट सुटायला पण मदत होते. चूक काय करतात, तर साध्या च्युइंगमसारखा सारखा चावतात, मग मळमळतं, उचकी लागते आणि गम टाकून देतात. दोन-चार वेळा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचा, गेल्या की परत. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको. किती मिलिग्रॅमचा आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारून घ्या. डायबिटीस असेल तर सिगरेट सोडतोय हे आधीच सांगा आणि शुगर जरा जास्त वेळा तपासा, पहिल्या काही महिन्यांत वर-खाली होऊ शकते.

आणि काट्यावर रोज उभे राहू नका, आठवड्यातून एकदा, सकाळी, बस. कंबर मोजा, आपल्याकडे पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. माझं तिसऱ्या महिन्यानंतर वाढणं थांबलं, मग संध्याकाळी दादरला उतरून शिवाजी पार्कला तीन चकरा सुरू केल्या, वर्षभरात सहातले चार किलो गेले. दोन अजून आहेत, राहू देत.

आतेभावाने परत सोडलीय, आज एकोणिसावा दिवस. यावेळी पाकिटावर छापलेल्या क्विटलाइनला, १८००-११-२३५६ ला फोन केला त्याने, टोल फ्री आहे. रात्री जेवण झालं की मला फोन करतो, तो तिकडे बोरिवलीत बिल्डिंगखाली, मी इकडे गच्चीवर, वीस मिनिटं बोलत चालतो. काल म्हणाला दीड किलो वाढलंय. मी म्हटलं, वाढू दे, चालत राहा.