ग्रामरची वही आणि कवितेची वही एकच ठेवा

बारावीच्या इंग्रजीसाठी बहुतेकांकडे दोन वह्या असतात. एकीत ग्रामर: 'रिमूव्ह टू' (वाक्यातला 'too' काढून तेच वेगळ्या रचनेत लिहिणं), 'नो सूनर दॅन', 'चेंज द व्हॉइस'. दुसरीत कवितांचे अर्थ आणि गाईडमधून उतरवलेलं अप्रिसिएशन, म्हणजे कवितेचं रसग्रहण. मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या वहीत रमतात, कारण तिथे नियम लावला की उत्तर येतं. दुसरी वही सरळ पाठांतराच्या खात्यात जाते. मीही मराठी माध्यमाचाच. पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, आता सुट्टीत गावाकडच्या भावंडांचा अभ्यास घेतो. त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो की दुसरी वही बंद करा. वाक्यात कर्ता कोण आणि क्रियापद कुठल्या काळात आहे हे ज्याला दिसतं, त्याला कवितेवर स्वतःच्या चार ओळी लिहिता येतात.

ग्रामरबद्दल फार लांबण लावत नाही. 'रिमूव्ह टू'मध्ये 'सो... दॅट' सगळेच बसवतात, मार्क जातो तो पुढे. मूळ वाक्यात 'वॉज' असेल तर 'कुड नॉट', 'इज' असेल तर 'कॅन नॉट'. काळ न बघता पाठ केलेला साचा वापरला की इथे हमखास घसरायला होतं. रिपोर्टेड स्पीचमध्ये (दुसऱ्याचं बोलणं आपण सांगतो तेव्हा) आपली अडचण निराळी. मराठीत 'तो म्हणाला की मी उद्या येतो' हे अगदी बरोबर. 'की' लावला तरी 'मी' आणि 'येतो' जागचे हलत नाहीत. तीच सवय इंग्रजीत नेली की 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असं होतं, आणि येणारा माणूसच बदलतो! म्हणून आधी बोलणारा कोण, ऐकणारा कोण ते पेन्सिलीने वर लिहा. मग 'आय'चा 'ही', 'विल'चा 'वुड', 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे' हे बदल आपोआप सुचतात.

आता हीच पेन्सिल कवितेवर चालवा. सुरुवातीला सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' घ्या, कारण ती छोटी आहे: चार-चार ओळींची तीन कडवी. प्रत्येक कडव्यात पहिल्या दोन ओळी विणकरांना प्रश्न विचारतात आणि पुढच्या दोन ओळींत उत्तर येतं. पहाटे बाळाचं वस्त्र, संध्याकाळी राणीच्या लग्नाची ओढणी, रात्री मेलेल्या माणसाचं कफन. जन्म, लग्न, मृत्यू हे कुठलंही गाईड सांगेल. तुम्ही फक्त प्रश्नार्थक शब्दांखाली रेघ मारा. पहिल्या दोन कडव्यांत 'व्हाय' आहे, तिसऱ्यात तो 'व्हॉट' होतो. आधी विचारणाऱ्याला कापड दिसतंय, त्याचा रंगही दिसतोय, म्हणून तो 'का' विचारतो. चांदण्यात मात्र ते काय विणतायत हेच त्याला कळत नाही. हे निरीक्षण व्याकरणाचं आहे आणि उत्तरपत्रिकेत ते कवितेच्या विश्लेषणात जातं.

माझी सगळ्यात आवडती मात्र दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम'. मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्यांची मुलं ही कविता पटकन धरतात, बाकीच्यांना थोडा वेळ लागतो. इथे प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधा. गाडीत असताना वडील पहिल्या ओळीत प्रवास 'करतात', पण त्यानंतर कर्त्याची जागा भलत्याच गोष्टी घेतात: उपनगरं मागे सरकतात, कपडे ओले आहेत, रेनकोटवर चिखल आहे, पुस्तकांनी भरलेली बॅग फाटत आलीय. माणूस वाक्याच्या मध्यभागी उरतच नाही. मुलगा, म्हणजे कवितेतला 'आय', येतो तो फक्त 'सी' या क्रियापदाबरोबर. तो बघतो, दुसरं काही करत नाही. शेवटाकडे मुलं एकदाच कर्ता होतात, आणि क्रियापद कुठलं? नाकारणं. तेही प्रेझेंट परफेक्टमध्ये, म्हणजे हे आजचंच नाही, पूर्वीपासून चालत आलेलं आहे. आजूबाजूला बहुतेक साधा वर्तमानकाळ, रोजचं तेच ते, त्यात हा एक बदल ठळक उठून दिसतो.

याच कवितेत वडील गाडीतून उतरतात ते लांबलचक वाक्यातून गळून पडलेल्या शब्दासारखे. बहुतेक जण लिहितात, 'लाइक आहे म्हणून सिमिली (उपमा)', आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. एवढ्यावर थांबू नका. गाडी म्हणजे वाक्य, वडील म्हणजे शब्द, हे लिहा. मग ग्रामरच्या तासाला विचारतो तसं विचारा: कुठला शब्द गळला तरी वाक्य चालू राहतं? कर्ता किंवा क्रियापद गळलं तर वाक्य मोडतं, विशेषण गळलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडी तर थांबत नाही. (ही ओळ मला कुणी परीक्षेला दिली असती तर मी चार पानं लिहिली असती, पण मार्क चारच असतात.)

त्या चार मार्कांच्या अप्रिसिएशनला मुद्दे ठरलेले आहेत: कवी आणि शीर्षक, विषय, भाषा व अलंकार, वेगळेपण, संदेश, तुमचं मत. कवीबद्दल एक वाक्य पुरतं. चित्रे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत आणि तुकारामांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले, एवढं लिहून पुढे सरका. अलंकारांची नुसती यादी देऊ नका. दोनच घ्या आणि ते तिथे काय काम करतात ते सांगा. मतासाठी 'आय लाइक द पोएम व्हेरी मच' सगळेच लिहितात. त्याऐवजी कर्ता-क्रियापदाच्या रेघांतून जे सापडलं ते लिहा. इंग्रजी साधं असू द्या, वाक्यं छोटी ठेवा, आणि लिहून झाल्यावर फक्त दोन गोष्टी तपासा: थर्ड पर्सनच्या क्रियापदाला 'एस' लागलाय का, आणि कवितेबद्दल लिहिताना मध्येच भूतकाळात तर शिरला नाहीत ना.