फ्युचर सिटीचा मेंटॉर व्हायचंय?

अमेरिकेत मुलं सहावी-सातवीत गेली की शाळेतून कधीतरी ईमेल येते: फ्युचर सिटी या शालेय स्पर्धेसाठी इंजिनिअर मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, हवेत. आपल्यापैकी बरेच इंजिनिअर 'मी तर सॉफ्टवेअरवाला' म्हणून ती बाजूला सारतात. सारू नका. मी सिव्हिलचा असलो तरी सांगतो, तिथे सिव्हिलपेक्षा धीर जास्त लागतो.

ही स्पर्धा डिस्कव्हर-ई ही संस्था भरवते, मुख्यतः सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. आमच्या मिशिगनमधली फेरी द इंजिनिअरिंग सोसायटी ऑफ डेट्रॉइट घेते. प्रादेशिक फेऱ्या जानेवारीच्या सुमारास होतात आणि अंतिम फेरी फेब्रुवारीत, इंजिनिअर्स वीक या इंजिनिअरांच्या कामाला वाहिलेल्या आठवड्याच्या वेळी. किमान तीन मुलं, एक शिक्षक आणि एक मेंटॉर असा संघ. किमान शंभर वर्षांनंतरचं शहर कल्पायचं, त्यावर निबंध लिहायचा, टाकाऊ वस्तूंतून मॉडेल करायचं आणि परीक्षकांपुढे उभं राहायचं. पूर्वी सिमसिटी या कॉम्प्युटर गेमवर शहर वसवावं लागे, आता नाही. शिवाय प्रोजेक्ट प्लॅन, म्हणजे कामाचा लेखी आराखडा, असतो. तो मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण सुरुवातीलाच भरून घ्या. शेवटच्या आठवड्यात भरलेला प्लॅन परीक्षकांना बरोबर कळतो.

विषय दरवर्षी बदलतो. 2017-18 मध्ये ज्येष्ठांना सोयीचं शहर होतं, 2020-21 मध्ये चंद्रावरची वस्ती, 2024-25 मध्ये पाण्यावर तरंगणारं शहर. विषय कुठलाही असो, पहिल्या बैठकीत उडत्या गाड्या येणारच. येऊ द्या. त्यांना नाही म्हणू नका, फक्त विचारा, "ती उतरणार कुठे?"

माझा हुकमी प्रश्न मात्र वेगळा आहे: सांडपाणी कुठे जातं? तरंगत्या शहराच्या वर्षी घुमट, रोबो, शेती सगळं ठरलं होतं. हा प्रश्न विचारला तेव्हा आधी पोरं फिदीफिदी हसली. मग एक मुलगी म्हणाली, "पाइपमधून, आपोआप." आपोआप का जातं, तर गटाराला उतार असतो म्हणून. तरंगत्या फळीला कसला उतार? म्हणजे पंप आले, पंपाला वीज आली आणि वादळात वीज गेली तर काय, हेही आलं. तो अख्खा तास त्यातच गेला. उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण मी गप्प बसलो. मेंटॉरचं निम्मं काम हेच. आपल्याकडे पालकांनी करून दिलेले प्रोजेक्ट शाळेत मिरवतात. इथे परीक्षक प्रश्न थेट मुलांना विचारतात आणि घोकलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला कोसळतं.

मॉडेलचे दोन नियम मला फार आवडतात. खर्च 100 डॉलरच्या आत आणि किमान एक हलता भाग. पैसे मोजायला लागले की मुलं आपसूक तडजोडी करायला शिकतात: एलईडीची माळ घ्यायची की मोटर? तिसरी गोष्ट स्केल, म्हणजे मॉडेलचं खऱ्या शहराशी प्रमाण. आमचं स्केल ठरलं इंचाला 100 फूट. एकानं घरून आणलेली खेळण्यातली गाडी रस्त्यावर ठेवली. मी पट्टी पुढे केली. गाडी तीन इंच. तो क्षणभर थांबला आणि ओरडला, "ही फुटबॉलच्या मैदानाएवढी आहे!" गाडी परत खिशात गेली. पुढे बाटलीचं प्रत्येक झाकण लावण्याआधी पट्टी निघू लागली. प्रमाण-गुणोत्तराचे धडे त्यांनी शाळेत गिरवले होतेच, पण हातात पट्टी घ्यायचं कारण कुणी दिलं नव्हतं.

सुरुवात सप्टेंबरात करा, आठवड्याला एक बैठक पुरते. शाळेत स्वयंसेवक म्हणून पार्श्वभूमी तपासणी लागू शकते, तिला वेळ जातो. अर्ज लगेच टाका. निबंधाला हात लावू नका, व्याकरण शिक्षक बघतात. डिसेंबरात पालकांना बसवून सादरीकरणाची तालीम घ्या. त्यातही ज्यांना इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही असे आजी-आजोबा सर्वांत उत्तम, ते भलतेच प्रश्न विचारतात. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचा, मर्यादा बदलतात.

आणि मॉडेलला चिकटपट्टी लागण्याआधी ते कुणाच्या गाडीतून न्यायचं, ते ठरवून त्या गाडीची मागची डिकी मोजून घ्या. जानेवारीत, बर्फ पडत असताना पार्किंगमध्ये शहराचे दोन तुकडे करायला कुणालाच आवडत नाही.