जुलाब असोत की मलावरोध, बेलफळ कसं वापरावं

परळी, औंढा नागनाथ आणि वेरूळ ही तीन ज्योतिर्लिंगं मराठवाड्यात आहेत, त्यामुळं बेलाचं पान इथं घरोघरी पोचतं. फळ मात्र झाडाखाली पडून सडतं, आणि हे बघून खरंच जीव हळहळतो. पोटासाठी इतकं कामाचं फळ बांधावर फुकट मिळतं!

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: कच्चं बेलफळ जुलाब बांधतं, पिकलेलं पोट मोकळं करतं. फळ चुकलं तर दुखणं वाढतं.

जुलाब, मुरड्यासाठी हिवाळा सरताना, कवच हिरवं असतानाच फळ उतरवा. दगडावर आपटून फोडा. गराच्या पातळ चकत्या करून सावलीत कडकडीत वाळवा. जरा ओल राहिली की बुरशी धरते. मग कुटून, वस्त्रगाळ करून कोरड्या बरणीत भरा. गरज पडली की मोठ्या माणसानं सुमारे ३ ग्रॅम चूर्ण ताज्या ताकातून दिवसातून दोनदा घ्यावं. जुलाब थांबले की चूर्णही थांबवा, नाहीतर पोट धरतं.

पण जुलाबात खरा धोका असतो अंगातलं पाणी जाण्याचा, आणि ते बेलानं भरून येत नाही. ओआरएसची पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात साखरेचे ६ सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा त्याच चमच्यानं सपाट अर्धा चमचा विरघळवून घोट घोट पाजत राहा. चूर्ण नंतर.

पोट साफ होत नसेल तर उन्हाळ्यातलं पिवळं, गोड वासाचं फळ घ्या. गर दोनेक तास पाण्यात भिजवून हातानं कुस्करा, गाळा. मिक्सर नको, बिया फुटल्या की सरबत कडवट होतं. गूळ, जिरेपूड घालून सकाळी एक पेला पुरे. पिकलं बेल पचायला जड असतं, जास्त प्यालं तर पोट फुगतं. मधुमेह असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

तान्ह्या बाळाला बेलाचं चूर्ण किंवा सरबत देऊ नका. शौचातून रक्त, ताप, लघवी कमी होणं किंवा दोन दिवसांत उतार न पडणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय सोडून थेट दवाखाना गाठा.