कूलंट गळतंय? कुठे हे नंतर, कधी हे आधी विचारा

कूलंटच्या टाकीतली पातळी दर पंधरवड्याला बोटभर खाली जाते. आपण बोनेट उघडतो, वरून थोडं ओततो, बोनेट लावतो आणि विसरतो. असं चार-सहा महिने निभतं. मग एखाद्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि आपण सगळ्यांना सांगत सुटतो, गाडी अचानक तापली म्हणून. अचानक कुठली! कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव. ते काही इंधन नव्हे, जळून संपत नाही. तेच ते इंजिन आणि रेडिएटरमध्ये फिरत राहतं. पातळी सारखी उतरत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय. जमिनीवर, नाहीतर इंजिनाच्या आत. शोध न घेता वरून ओतत राहणं ही पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून निघतात.

गाडीखाली ओलं दिसलं की घाबरणं

एसी चालू असला की गाडीखाली पाणी टपकणारच. ते नितळ असतं, त्याला वास नसतो, बोटावर घेतलं तर पाण्यासारखं वाळून जातं. कूलंट बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो आणि बहुतेक वेळा रंगही दिसतो. चाखून मात्र बघू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे आणि चवीला गोड लागतं. म्हणूनच जमिनीवर सांडलेलं धुऊन टाकायचं, नाहीतर कुत्री-मांजरं चाटतात.

पातळी बघायची ती सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, गाडी सपाट जागी उभी करून. गरम कूलंट फुगलेलं असतं. संध्याकाळी घरी आल्याआल्या पाहिलेली पातळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पातळी यांची तुलना करून गळती ठरवायची नसते. टाकीवर मार्करनं रेघ मारा, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा. हा दोन मिनिटांचा उद्योग पुढचे अनेक अंदाज वाचवतो.

थेंब जिथे लोंबतोय तिथेच भोक असणार, असं धरणं

या चुकीपायी मी चांगला चालता वॉटर पंप (कूलंट फिरवणारा) बदलून बसलोय. पंपाच्या बुडाशी थेंब लोंबत होता, अंगावर गुलाबी खार चढला होता. मेकॅनिकनं पाहिलं, मी पाहिलं, दोघांचीही खात्री पटली. नवा पंप बसला. तिसऱ्या दिवशी तोच थेंब, त्याच जागी. मग छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन वर बघितलं, तर थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं कूलंट अडवणाऱ्या झडपेच्या) प्लास्टिक हाउसिंगला जोडाशी केसाएवढी चीर. तिथलं कूलंट ब्लॉकच्या कडेकडेनं ओघळत येऊन पंपावर थांबत होतं. पंपाचा दोष एवढाच की तो खाली होता.

द्रव खाली जातो, आणि गाडी चालत असेल तर वाऱ्यानं मागेही जातो. त्यात इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर भर घालतं: गळती पुढे, कूलंट कव्हरात साचतं आणि जमिनीवर पडतं ते मागच्या कडेवरून. म्हणून डाग बघून वर जायचं. ओल सापडली की तिच्या वर, अजून वर, जिथून पुढे सगळं कोरडं आहे तिथवर. वाळलेलं कूलंट मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खार सोडतं. होज पाइपच्या टोकाला क्लिपखाली, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचा दुमडलेला जोड असतो तिथे, टाकीच्या शिवणीवर हा खार आवर्जून शोधा. आणि शोधाआधी इंजिन पुसून कोरडं करा. जुन्या चिकट राड्यात नवी ओल दिसतच नाही.

वॉटर पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी बाहेर यावं, बेअरिंगमध्ये शिरू नये, यासाठी. त्या भोकाभोवती वाळलेला एखादा डाग असला म्हणून पंप गेला असं नाही. थेंबाची रांग लागली की गेला.

‘कधी गळतं’ हे न विचारणं

माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जाणारा प्रश्न हा आहे, आणि तोच कोणी विचारत नाही.

रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी चार थेंब, पण गाडी चालू असताना सगळं कोरडं? मग क्लिप आणि रबराकडे बघा. गार झाल्यावर धातू, प्लास्टिक आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, जोड सैल पडतो. गरम झाले की फुगून पुन्हा घट्ट बसतात. अशी गाडी दुपारी गॅरेजला नेली तर काहीच सापडत नाही आणि आपणच खोटे ठरतो. रात्रभर तिथेच ठेवून सकाळी बघायला सांगा.

उलट, गार असताना कोरडं आणि लांब पल्ल्यानंतर ओलं, तर दाबाखाली उघडणारी चीर असते. रेडिएटर, होज, हाउसिंग, कुठेही. इंजिन बंद केल्यानंतर पाच-दहा मिनिटांतच टाकीच्या झाकणापाशी फसफस होऊन बाहेर येत असेल, तर गळती नसेलही. फॅन चालत नसेल किंवा झाकण दमलेलं असेल.

इंजिन गरम असताना टॉर्च घेऊन वाकायचं तर हात, बाही, ओढणी फॅनपासून लांब ठेवा. बऱ्याच गाड्यांत किल्ली काढल्यावरही इलेक्ट्रिक फॅन आपोआप सुरू होतो.

झाकणाला झाकणच समजणं

कूलंटच्या टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नसून व्हॉल्व्ह आहे. साधं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी साधारण १०७ अंशांना. त्यावर झाकणानं १ बारच्या आसपास दाब धरला की तोच द्रव १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की दाब धरला जात नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. मग लोक रेडिएटर बदलतात. झाकण बघत नाहीत.

झाकणात दुसरा छोटा व्हॉल्व्ह असतो, गार होताना आत हवा किंवा कूलंट परत घेणारा. तो अडकला की गार इंजिनावर वरचा होज चेपलेला दिसतो, कोणी चिमटीत धरल्यासारखा. झाकण बदलताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा मूळ झाकणाशी जुळवा.

आणि गरम असताना ते उघडायचं नाही. फडकं धरून नाही, ‘थोडंसंच’ फिरवूनही नाही. आतला द्रव उकळबिंदूच्या वर आहे पण दाबामुळे गप्प बसलाय. दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट चेहऱ्यावर येते.

बाहेर कोरडं म्हणजे गळती नाही, असं मानणं

कूलंट कमी होतंय आणि जमिनीवर थेंब नाही. अशा वेळी आधी गाडीत बसा. पुढच्या पायपुसणीखाली गालिचा हातानं दाबून बघा. ओलसर लागला, हीटर लावल्यावर काचेवर तेलकट धुकं आलं आणि गोड वास सुटला, तर हीटरचा छोटा रेडिएटर फुटलाय. त्याला होज बोनेटखालून जातात, पण तो बसतो डॅशबोर्डच्या पोटात.

गाडी आतून कोरडी असेल तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलवर. गार इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो, टाकीत बुडबुडे थांबत नाहीत, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहतो, तेल दुधाळ दिसतं. यातली एकच खूण धरून हेड उघडू नका. जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तेलाच्या झाकणाखाली पिवळट फेस नुसत्या बाष्पानंही धरतो. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल तर थांबा. खात्रीसाठी एक साधी चाचणी आहे: टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात, ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा पिवळसर होतो. स्पार्क प्लगही काढून बघा. बाकीचे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा लख्ख, तर कूलंट त्या सिलिंडरमध्ये जातंय. डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटनं गार करणारा भाग) फुटला तरी कूलंट असंच बेपत्ता होतं, हे हेड काढण्याआधी मेकॅनिकला आठवण करून द्या.

बाहेरच्या गळतीसाठी प्रेशर टेस्ट मागून घ्या. गार इंजिनावर हातपंपानं झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं हातपंपाचा काटा बघायचा. काटा उतरला तर गळती आहे. आता ती शोधताना इंजिन सुरूही नाही आणि हातही भाजत नाही. तरी सापडली नाही तर कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकून दोन दिवस गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही (अतिनील) टॉर्च मारायचा.

काट्यावर विसंबणं

बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाचा काटा ठरावीक मर्यादेत मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, म्हणजे तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. त्याहून फसवं असं: कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडतो, मग तो द्रवाचं नाही तर हवेचं तापमान सांगतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. हीटर लावलाय आणि एकदम गार हवा येऊ लागली, तर काटा काहीही म्हणो, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

पावडर, नळाचं पाणी आणि घाई

गळती बुजवणारं द्रव्य किंवा पावडर टाकली की ती भोक बुजवते, आणि सोबत हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. रानात अडकलात, घर गाठायचंय, तर ठीक. पुढे सगळी सिस्टिम धुवावी लागेल हे मनात धरून. नळाचं पाणीही तसंच, एकदा अडचणीला चालतं; रोजची सवय लावली तर क्षार बसतात आणि गंज धरतो. वेगवेगळी कूलंट रंग जुळवून एकत्र करू नका, रंगाला कुठलंही पक्कं मानक नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्या.

दुरुस्तीनंतर पातळी पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरली तर लगेच मेकॅनिकशी भांडायला जाऊ नका. आत अडकलेली हवा निघाली की तिची जागा कूलंट घेतं. गार इंजिनावर मूळ रेघेपर्यंत भरा, तारीख नव्यानं लिहा. चौथ्या-पाचव्या सकाळीही पातळी त्याच रेघेवर दिसली तर टॉर्च ठेवून द्या. उतरलेली दिसली, तर पुन्हा तोच प्रश्न: रात्री गेलं, की चालताना?