हेलिओस ४४-२ वर पोर्ट्रेट: पार्श्वभूमीला भोवरा कसा आणायचा

जुन्या मॅन्युअल लेन्सवर पोर्ट्रेट काढायला सुरुवात करायची असेल, तर सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ घ्यावी. ५८ मिमी फोकल लेंग्थ, एफ/२ अॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र; आकडा जितका लहान तितकं ते मोठं) आणि एम४२ म्हणजे ४२ मिमी आट्यांची ही लेन्स झेनिट कॅमेऱ्यांसोबत प्रचंड संख्येनं विकली गेली, म्हणून ती आजही सहज मिळते. रचना कार्ल झाइस येना या जर्मन कंपनीच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ वर बेतलेली: चार गटांत सहा भिंगं. पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसणं हे तिचं वैशिष्ट्य. पण नुसती लेन्स लावली की ते मिळतं असं नाही. ते अंतरांवर अवलंबून असतं.

आधी खरेदी. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं तिरका धरा आणि समोरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नका, कारण बुरशी काचेवरचं कोटिंग खाते आणि ती पुसून काढली तरी डाग राहतो. धुरकट पडदा दिसला तर कॉन्ट्रास्ट गेलाच समजा. धुळीचे चार कण किंवा पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत दिसत नाही. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल असलं तरी या लेन्सची पाती हातानं फिरतात, स्प्रिंगनं नाही, त्यामुळे काम अडत नाही. फोकस रिंग मात्र फिरवून बघाच. ती घट्ट असेल तर आतलं ग्रीस वाळलेलं असतं. लेन्स उघडून साफ करण्याचा खर्च किमतीत धरा. लेन्सवरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा उत्पादनाचं वर्ष सांगतात, म्हणजे ७७ असेल तर १९७७.

अॅपर्चरला दोन रिंगा आहेत आणि इथे नवखे हमखास अडतात. आकडे लिहिलेली, टकटक करत फिरणारी रिंग पाती किती मिटू शकतात याची फक्त मर्यादा ठरवते; पाती खरी हलवते ती दुसरी, आवाज न करणारी रिंग. मर्यादा २ वर असेल तर दुसरी रिंग हलतच नाही आणि लेन्स बिघडली असं वाटतं. मर्यादा १६ वर नेऊन ठेवा, मग दुसरी रिंग मोकळी फिरते.

सोनी ई, फुजी एक्स, निकॉन झेड, कॅनन आरएफ यांपैकी कोणत्याही मिररलेस कॅमेऱ्याला एम४२ चा साधा, बिनकाचेचा अॅडॅप्टर चालतो. निकॉनच्या डीएसएलआरवर तसाच अॅडॅप्टर लावला तर फोकस साधारण ३ मीटरपर्यंतच पोचतो. चेहरा आणि छातीपर्यंतच्या पोर्ट्रेटला तेवढं पुरतं, आणि काच असलेल्या अॅडॅप्टरनं चित्राची धार घालवण्यापेक्षा ते बरं. लेन्स पूर्ण आवळल्यावर आकडे वर न येता बाजूला येत असतील तर अॅडॅप्टरच्या कडेचे तीन बारीक स्क्रू (असले तर) सैल करून आतली कडी फिरवून घ्या. अॅडॅप्टरची आतली भिंत चकाकत असेल तर तिथे काळा मखमली कागद चिकटवा. फोटो फिके येण्याचं ते एक खरं कारण आहे, आणि दोष उगाच लेन्सवर जातो.

४४एम-४ किंवा त्यापुढची आवृत्ती घेतली असेल, तर मागची पिन दाबून धरणारा अॅडॅप्टर लागतो. नाहीतर अॅपर्चर कायम उघडंच राहतं.

कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करा, कारण कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखू येत नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ ५८ भरा. सेन्सर एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) असला तरी ५८च, १.५ नं गुणून ८७ नाही. मोड अॅपर्चर प्रायॉरिटी, फाइल रॉ, किमान शटर १/२००.

आता भोवरा. पूर्ण उघड्या अॅपर्चरवर फ्रेमच्या कडेकडे तिरका जाणारा प्रकाश लेन्सच्या नळीमुळे थोडा अडतो. म्हणून मध्यभागी गोल असलेले प्रकाशाचे ठिपके कडेला बदामाच्या आकाराचे होतात आणि केंद्राभोवती रांगेनं बसतात. म्हणजे पार्श्वभूमीत ठिपके हवेत. सपाट भिंत किंवा मोकळं आकाश असेल तर फिरायला काहीच नसतं. सगळ्यात उत्तम म्हणजे बारीक पानांमधून झिरपणारा उजेड: चिंच, गुलमोहर, बांबूचं बेट. वडाची मोठी, दाट पानं तेवढी उपयोगाची नाहीत.

माणूस कॅमेऱ्यापासून १.२ ते १.५ मीटरवर, झाडं त्याच्या मागे ४ ते ६ मीटरवर, अॅपर्चर एफ/२. झाडं खूप जवळ असतील तर पानं ओळखू येतात आणि चित्र गजबजतं. फार लांब असतील तर ठिपके मोठे होऊन एकमेकांत मिसळतात आणि वळण हरवतं. कॅमेरा तसाच ठेवून माणसाला एकेक पाऊल पुढेमागे करून बघा, फरक लगेच दिसतो. एफ/२.८ ला परिणाम बराच उतरतो, एफ/४ ला जवळपास संपतो. एपीएस-सी सेन्सरवर कडा कापल्या जात असल्यानं तो मुळातच कमी मिळतो. फुल फ्रेम असेल तर तीच वापरा.

एफ/२ ला १.५ मीटरवर स्पष्टतेची खोली जेमतेम ८ सेंटीमीटर, १ मीटरवर साडेतीन. म्हणून जवळच्या डोळ्यावरच फोकस करा, आणि तोही चित्र मोठं करून. पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा दाखवणाऱ्या) रंगीत रेघांवर एफ/२ ला विसंबू नका. त्या पापणी आणि भुवई दोन्हीवर दिसतात. मध्यावर फोकस करून मग कॅमेरा वळवायचा ही सवय इथे घात करते: वळवताना अंतर बदलतं, शिवाय या लेन्सचं फोकसचं प्रतल सपाट नसून वक्र आहे. आधी चौकट ठरवा, मग मोठं केलेलं चित्र डोळ्यावर न्या. फोकस जमल्यावर सलग तीन-चार फ्रेम घ्या. श्वासासरशी माणूस सेंटीमीटरभर हलतोच. कडांची धार मऊ असते, तेव्हा चेहरा फार कोपऱ्यात नको. तसाच हवा असेल तर एफ/२.८ करा.

भर दुपारी एफ/२ आणि आयएसओ १०० ला शटर १/६४०० च्या आसपास लागतो. कॅमेरा १/४००० वरच थांबत असेल तर ४९ मिमीचा एनडी८ (प्रकाश आठपट कमी करणारा) फिल्टर लावा, शटर १/८०० वर येतो. जुनं कोटिंग उलट प्रकाशाला लवकर हार मानतं. सूर्य माणसाच्या मागे पण चौकटीबाहेर ठेवा, ४९ मिमीचा रबरी हूड लावा, नसेल तर तळहातानं लेन्सवर सावली धरा. थोडी धुंदी केसांभोवती सुंदर दिसते. चेहरा धुऊन निघाला तर मात्र संपादनात त्वचेचा रंग परत येत नाही. व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनवर कायम ठेवला तर सगळ्या फ्रेम एकसारख्या दुरुस्त करता येतात. मग काळा बिंदू थोडा खाली ओढा, केसांच्या कडांची जांभळी झाक काढा. क्लॅरिटी वाढवू नका, त्यानं पार्श्वभूमीचे ठिपके टोकदार होऊन डोळ्याला टोचतात.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ही लेन्स कपाटात, विशेषतः तिच्या मूळ चामडी पेटीत, ठेवू नका. चामडं ओल धरतं. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६० च्या वर गेला की जेल बदला किंवा तापवून कोरडं करा.